अयुथया (थायलंड): अवशेष नीट बघायचे तर गाड्या, क्रम, ऊन, पाणी आणि खाणं

गलबत
बँकॉकला जाणाऱ्यांच्या यादीत अयुथया हल्ली असतंच, पण बहुतेकांना ते सहल कंपनीच्या बसमधून दिसतं. बस साडेदहा-अकराला पोचते, तीन देवळं उरकते आणि दोनला परत निघते. म्हणजे दिवसातली सर्वात वाईट वेळ. भट्टीच्या विटा, माथ्यावर ऊन, सावली नाही आणि सगळ्या बसगाड्यांची गर्दी एकाच वेळी. मग "विटांचे ढिगारे आहेत, फार काही नाही" असं सांगत लोक परततात. जागेवर हा अन्याय आहे. नीट क्रम लावला तर हे आग्नेय आशियातल्या उत्तम ठिकाणांपैकी एक आहे, म्हणून हा धागा. माहीत असलेल्यांनी भर घालावी.

आधी नकाशा डोक्यात बसवा, पुढचं सगळं सोपं होतं. उत्तरेला लोपबुरी नदी, पूर्वेला पासाक, दक्षिणेला आणि पश्चिमेला चाओ फ्राया. तिन्हींनी वेढलेलं बेट म्हणजे जुनं शहर. पूर्व-पश्चिम साधारण चार किलोमीटर. बेटाच्या कडेने गोल फिरणारा उ थोंग रस्ता आहे, चुकलात तरी त्या रस्त्याला लागलात की परत मार्गावर. रेल्वे स्टेशन बेटाबाहेर, पासाकच्या पूर्वेला.

बेटावर ("वाट" म्हणजे देऊळ, "विहान" म्हणजे मूर्तीचं दालन): वाट महाथात, वाट राचाबुराना (ही दोन समोरासमोर, मध्ये फक्त रस्ता), वाट फ्रा राम, विहान फ्रा मोंगखोन बोफित, वाट फ्रा सी सानफेत, वाट लोकायसुथाराम.
बेटाबाहेर: पश्चिमेला वाट चायवत्थनाराम, आग्नेयेला वाट याय चाय मोंगखोन आणि वाट फनान चेंग, उत्तरेला वाट ना फ्रा मेन.

शहर राजा उ थोंग याने १३५१ च्या सुमारास वसवलं आणि एप्रिल १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने जाळलं. मधली चारशेहून जास्त वर्षं ही सयामची राजधानी. एक गोष्ट जाणाऱ्याला ठाऊक असावी: आज दिसतो तो सगळा विध्वंस त्या एका स्वारीचा नाही. बँकॉक नवी राजधानी झाली तेव्हा तिथल्या तटबंदीसाठी इथल्या विटा नावांतून वाहून नेल्या गेल्या. राजवाड्याच्या जागी फक्त जोती उरली आहेत ती त्यामुळेही.

रुळावरून
चांगला धागा. जाण्याचं मी सांगतो.

सर्वात जास्त घोळ स्टेशनाचा होतो. जानेवारी २०२३ पासून उत्तरेकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्या कृंग थेप अफिवात या नव्या स्टेशनातून सुटतात (भुयारी मेट्रोचं बांग सू स्टेशन त्याला जोडलेलं आहे). साध्या आणि लोकल गाड्या मात्र अजून जुन्या हुआ लाम्फोंगहून सुटतात. दोन्हीकडे मेट्रोच्या निळ्या मार्गाने जाता येतं, पण दोन्ही स्टेशनं एकमेकांपासून बरीच लांब आहेत. म्हणून आधी गाडी ठरवा आणि ती कुठून सुटते ते बघूनच हॉटेलातून निघा. जुन्या प्रवासवर्णनांत सरसकट "हुआ लाम्फोंगला जा" लिहिलेलं असतं, ते आता अर्धंच खरं.

साध्या गाडीचा तिसरा वर्ग वीस बाटच्या आसपास. आरक्षण नाही, बसेल तिथे बसायचं, खिडक्या उघड्या, पंखा. दीड ते दोन तास. एक्स्प्रेस गाडीत वातानुकूलित डबा मिळतो, पैसे बरेच जास्त आणि वेळ फार तर अर्धा तास वाचतो. सत्तरेक किलोमीटरसाठी तिसरा वर्ग पुरतो. उशिराची तयारी ठेवा. जाताना काही बिघडत नाही, परतताना त्याच रात्रीचं विमान असेल तर बिघडतं.

डॉन मुआंग विमानतळावर उतरत असाल तर बँकॉकमध्ये शिरूच नका. विमानतळासमोरच रेल्वे स्टेशन आहे, उत्तरेकडच्या गाड्या तिथे थांबतात. पहिल्याच दिवशी थेट अयुथया गाठून मुक्काम, मग बँकॉक, हा क्रम फार सोयीचा.

मिनीव्हॅन मोचित बसस्थानकाच्या परिसरातून सुटतात, तास-सव्वा तास. व्हॅन भरली की निघते. मोठी सूटकेस असेल तर तिच्यासाठी वेगळी सीट घ्यावी लागू शकते. संध्याकाळी परतीच्या व्हॅन लवकर संपतात, शेवटची किती वाजता ते उतरतानाच विचारून ठेवा.

स्टेशनाबाहेर पडलात की टुकटुकवाले घेरतात. बेटावरच जायचं असेल तर त्यांची गरज नाही. समोरच्या गल्लीने सरळ दोन-तीन मिनिटं चालत गेलं की नदी आणि होडीचा धक्का. काही बाटांत पलीकडे. तिथून वाट महाथात चालत वीस-पंचवीस मिनिटं.

माडाची सावली
आई-बाबा सोबत आहेत, दोघंही सत्तरीच्या पुढचे, आईचे गुडघे दुखतात. सायकल शक्य नाही. एका दिवसात जमेल का? आणि मुक्काम करायचाच तर का करायचा?

गलबत
जमेल, पण मुक्काम केलात तर दोघांनाही दिवस सुखाचा जाईल. सकाळी आठला अवशेष उघडतात. बँकॉकहून निघून आठला पोचायचं तर पहाटे उठवावं लागेल. आदल्या संध्याकाळी पोचलात तर आठ ते साडेदहा आणि साडेतीन ते साडेपाच असे दोन तुकडे मिळतात आणि मधला वेळ खोलीत किंवा संग्रहालयात. संध्याकाळी अंधार पडल्यावर मुख्य अवशेषांवर दिवे सोडतात, आत जाता आलं नाही तरी रस्त्यावरून दिसतं. दिवसाच्या सहलीत हे हुकतं.

आईंसाठी क्रम असा ठेवा. आख्खा टुकटुक तासांच्या बोलीवर घ्या. भाव साधारण २०० ते ३०० बाट तासाला, पूर्ण गाडीचा, माणशी नाही. हे बसण्याआधी स्पष्ट करा: किती तास, एकूण किती पैसे, कोणती ठिकाणं. ठिकाणांचे फोटो फोनवर दाखवा, कारण आपले उच्चार आणि त्यांचे उच्चार जुळत नाहीत. पैसे शेवटी द्या.

सकाळी: वाट महाथात (जमीन सपाट, पण विटांच्या वाटा खडबडीत), समोरचं राचाबुराना बाहेरूनच, मग मोंगखोन बोफित (आत सावली आहे, बसता येतं) आणि शेजारचं फ्रा सी सानफेत.
दुपारी: जेवण, विश्रांती.
साडेतीननंतर: लोकायसुथारामचा शयनमुद्रेतला बुद्ध. हा रस्त्यालगत उघड्यावर आहे, लांबी ४० मीटरच्या आसपास, तिकीट नाही, टुकटुकमधून उतरून पन्नास पावलं. मग चायवत्थनाराम.

याय चाय मोंगखोनच्या मोठ्या चेदीचा (स्तूपाचा) जिना उंच आणि चढा आहे, तिथे गुडघेदुखीवाल्यांनी खालीच थांबावं. खालचं आवार, पिवळी वस्त्रं नेसवलेल्या बुद्धमूर्तींच्या रांगा आणि बाग हेच तिथलं सर्वात देखणं आहे.

चुनखडी
"विटांचे ढिगारे" हा शेरा येतो कारण लोक सगळी देवळं एकाच नजरेने बघतात. दोन आकार ओळखायला शिकलात की शहर वाचता येतं.

प्रांग: मक्याच्या कणसासारखा उंच, कोपऱ्यांना अनेक घड्या असलेला मनोरा. ही ख्मेर, म्हणजे जुन्या कंबोडियाची परंपरा, अंगकोरकडून आलेली. सुरुवातीच्या शंभर-सव्वाशे वर्षांतल्या मोठ्या देवळांच्या मध्यभागी प्रांग असतो. महाथात (बांधकाम १३७४ पासून), फ्रा राम, राचाबुराना (१४२४).
चेदी: घंटेच्या आकाराचा स्तूप, वर कड्यांचा निमुळता शेंडा. ही श्रीलंकेची परंपरा. पंधराव्या शतकाच्या शेवटी ती पुढे आली. फ्रा सी सानफेतच्या एका ओळीतल्या तीन चेदी म्हणजे तिचा नमुना. त्यांत राजांच्या अस्थी ठेवल्या होत्या.
आणि मग १६३० मध्ये राजा प्रासात थोंग याने चायवत्थनाराम बांधलं तेव्हा प्रांग परत आला, मुद्दाम. मध्ये ३५ मीटरचा प्रांग, भोवती चौकोनी ओवरी आणि तिच्यात आठ छोटे मनोरे. मेरू पर्वत आणि त्याच्याभोवतीचं विश्व अशी ती मांडणी आहे.

म्हणून माझं मत: महाथात, फ्रा सी सानफेत, चायवत्थनाराम याच क्रमाने बघा. कालक्रमही तोच, उन्हाच्या दृष्टीनेही तोच बरा.

महाथातचा मुख्य प्रांग शोधू नका, तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोसळला. आज मध्यभागी फक्त प्रचंड चौथरा आहे. पूर्ण उभा प्रांग बघायचा तर समोरचं राचाबुराना. त्याच्या वरच्या भागात चुन्याच्या गिलाव्यातले गरुड आणि नाग अजून शिल्लक आहेत. दुर्बीण असेल तर न्या, जिथे गिलावा टिकलाय तिथे मूळ देऊळ कसं दिसत होतं ते कळतं. हे सगळं उघड्या विटांचं कधीच नव्हतं, वरून पांढऱ्या गिलाव्यात घडवलेलं होतं. वीट हा फक्त सांगाडा.

बिनडोक्याच्या मूर्तींबद्दल: त्या दोन प्रकारच्या आहेत. एक वालुकाश्माच्या, वेगवेगळे तुकडे घडवून जोडलेल्या. मानेजवळ आणि कमरेजवळ सांधे नीट दिसतात. दुसऱ्या विटांच्या गाभ्यावर गिलावा चढवलेल्या. चायवत्थनारामच्या ओवरीत या प्रकारच्या रांगा आहेत, खांद्याकडून बघितलं तर आतली वीट उघडी दिसते. डोकी फोडण्याचं खापर सगळं ब्रह्मी सैन्यावर फोडतात, पण पुढे कित्येक वर्षं खजिना शोधणाऱ्यांनी आणि मूर्तींच्या व्यापाऱ्यांनीही तेच केलं. डोकं नेण्याजोगं असतं आणि विकलं जातं.

पाणवठा
चुनखडी यांच्या पोस्टला अनुमोदन. राचाबुराना बाहेरून बघून सोडू नका, ज्यांना जिना जमतो त्यांनी तर नाहीच.

राजाचे दोन मोठे मुलगे गादीसाठी हत्तीवरून एकमेकांशी लढले आणि दोघंही मेले. तिसरा राजा झाला आणि त्याने भावांच्या दहनाच्या जागी हे देऊळ बांधलं. १९५७ मध्ये चोरांनी प्रांगच्या पोटातली कोठडी फोडली आणि बरंच सोनं लंपास झालं. उरलेलं पुरातत्त्व खात्याने बाहेर काढलं. रत्नजडित राजखड्ग आणि सोन्याचा बसलेला छोटा हत्ती त्यातलेच. ते चाओ साम फ्राया राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. राचाबुराना सकाळी आणि संग्रहालय त्याच दुपारी, असं जोडलं तर दोन्हींचा अर्थ लागतो. सोमवार-मंगळवार संग्रहालयासाठी धरू नका, थायलंडमधली बरीच राष्ट्रीय संग्रहालयं त्या दिवशी बंद असतात.

कोठडीत उतरता येतं. प्रांगच्या पायऱ्या चढून वर गेलं की आतून खाली अरुंद, जवळजवळ उभा जिना. खाली दोन-तीन माणसांपुरती जागा, हवा कोंदट, उकाडा बाहेरपेक्षा जास्त. भिंतीवर लाल रंगातली, पुसट झालेली चित्रं. थायलंडमधल्या जुन्या भित्तिचित्रांपैकी ही आहेत. फ्लॅश नको. बंद जागेची भीती, दमा, रक्तदाब असेल तर उतरू नका. पाठीवरची पिशवी वर कोणाकडे तरी ठेवा, जिन्यात अडकते. उतरताना तोंड जिन्याकडे करून, शिडी उतरतो तसं.

माडाची सावली
तिकिटांचं नक्की काय? कुठे ५० बाट लिहिलंय, कुठे ८०.

पाणवठा
पुष्कळ वर्षं परदेशी पाहुण्यांना प्रत्येक ठिकाणी ५० बाट आणि सहा ठिकाणांचा एकत्र पास २२० असा दर होता. जुन्या पानांवर तोच दिसतो. दर वाढले आहेत, खिडकीवरचा फलक खरा. माणशी ५०० बाट बाजूला ठेवलेत तर कमी पडणार नाहीत. पासात महाथात, राचाबुराना, फ्रा सी सानफेत, फ्रा राम, चायवत्थनाराम आणि बेटाबाहेरचं वाट महेयोंग येतात. पहिल्याच खिडकीवर हिशेब करा. चार किंवा जास्त बघणार असाल तर साधारणपणे पास परवडतो.

याय चाय मोंगखोन आणि फनान चेंग या पासात येत नाहीत, ती चालू देवळं आहेत आणि त्यांचा किरकोळ वेगळा आकार असतो. मोंगखोन बोफित आणि लोकायसुथारामला तिकीट नाही.

रोख न्या, सुटे न्या. थाई एटीएम परदेशी कार्डाला दर वेळी २२० बाट किंवा जास्त आकारतात, तेव्हा बँकॉकमध्येच एकदम काढून घ्या.

वागणुकीचं: खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. चालू देवळांत चपला बाहेर. भिंतींवर, चौथऱ्यांवर चढू नका, विटा सुटतात. महाथातमध्ये झाडाच्या मुळांत गुंतलेलं बुद्धाचं मस्तक आहे तिथे फोटो काढताना खाली बसायचं, आपलं डोकं त्याच्यापेक्षा वर जाता कामा नये. रखवालदार उभे असतात आणि सांगतात. बिनडोक्याच्या मूर्तीमागे उभं राहून स्वतःचं डोकं त्या जागी आणायचा फोटो अजिबात नको, तिथल्या लोकांच्या ते मनाला लागतं. ड्रोन परवानगीशिवाय नाही. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला स्टेशनावर राष्ट्रगीत लागलं की सगळे उभे राहतात, आपणही राहायचं.

सायकलस्वार
तब्येत बरी असेल तर बेटावर सायकलला पर्याय नाही. शहर सपाट आहे. भाडं दिवसाला ५० बाटपासून. स्टेशनासमोर आणि नारेसुआन रस्त्याच्या गल्ल्यांत दुकानं आहेत.

घेताना बघायचं: दोन्ही ब्रेक, चाकातली हवा, सीटची उंची आणि कुलूप किल्लीसकट. कुलूप दुकानातच दोनदा उघडून बघा, गंजलेलं असलं तर देवळापाशी तास जातो. अनामत म्हणून पासपोर्ट मागतात तिथे मूळ पासपोर्ट देऊ नका. छायाप्रत आणि थोडी रोख अनामत चालते, नाहीतर पुढचं दुकान. सायकल परत करायची वेळ विचारा, बहुतेक दुकानं संध्याकाळीच बंद होतात.

पाणी: दोन तासांना माणशी एक लिटर. आवारात प्यायला फार काही मिळत नाही, आधी दुकानातून घ्या. टोपी कडेची हवी. मानेवर ओला पंचा ठेवला की फरक पडतो.

चायवत्थनारामला जाताना बेट सोडून पूल ओलांडावा लागतो. पुलावर गाड्या वेगात असतात, डावी कड धरा (तिथेही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात). कडक उन्हात हा टप्पा त्रासदायक होतो, चारनंतरच निघा. आग्नेयेकडच्या याय चाय मोंगखोनला सायकलने जाऊ नये असं माझं मत आहे, त्या बाजूच्या मोठ्या चौकात वाहतूक फार आहे.

भटकी कुत्री: कडेच्या छोट्या, निर्मनुष्य अवशेषांत असतात. अंगावर आली तर पेडल मारत पळायचं नाही, उतरून सायकल मध्ये धरून हळू चालायचं. चावलं किंवा नुसतं खरचटलं तरी साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन रेबीजची लस सुरू करा.

स्कूटर २०० ते ३०० बाट. त्यासाठी आरटीओतून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, दुचाकीचा शिक्का असलेला. नुसता भारतीय परवाना दाखवून दुकानदार गाडी देईल, पण अपघात झाला की विमा कंपनी हात वर करते.

काठकाठचा
चायवत्थनारामच्या उजेडाबद्दल थोडं, कारण फोटोवाले तिथे गफलत करतात. देऊळ चाओ फ्रायाच्या पश्चिम काठावर आहे आणि तोंड पूर्वेला, नदीकडे. म्हणजे दर्शनी बाजूवर ऊन सकाळी पडतं. संध्याकाळी सूर्य देवळाच्या मागे जातो. आवारात थांबून दर्शनी बाजूचा सूर्यास्ताचा फोटो काढायला गेलं तर समोर काळी आकृती मिळते. ती आकृतीच हवी असेल तर मात्र समोरच्या काठावरून किंवा नदीतून बघा, आकाशासमोर सगळे मनोरे एका रेषेत उठून दिसतात.

म्हणून संध्याकाळची नाव. बेटाभोवती फेरी मारणाऱ्या लांब शेपटीच्या नावा दुपारी चारच्या सुमारास निघतात, दीड-दोन तास. बहुतेक फनान चेंग, फुत्थायसावन आणि चायवत्थनारामला थांबतात. अतिथिगृहवाले माणशी पैसे घेऊन चार-सहा जणांची नाव जमवतात. नाव धक्क्याला थांबते तेव्हा चायवत्थनारामच्या आत जायला वीस मिनिटंच मिळतात. आतून नीट बघायचं असेल तर ते सकाळी वेगळं करा.

थाई पोशाख भाड्याने घेऊन आलेल्यांची इथे गर्दी असते. २०१८ मध्ये गाजलेल्या एका ऐतिहासिक मालिकेनंतर ही लाट आली. शनिवार-रविवार टाळा.

गलबत
ऋतूचं राहिलं. नोव्हेंबरचा शेवट ते फेब्रुवारी सर्वात चांगलं. मार्च-एप्रिल भाजून काढतं, पारा चाळिशीला टेकतो. सप्टेंबर-ऑक्टोबर पुराचे महिने.

पूर का येतो ते समजून घ्या, म्हणजे हवामानाचा अंदाज नीट वाचता येतो. अयुथयात पाऊस नसतानाही पाणी चढतं. उत्तर थायलंडचं पाणी चाओ फ्रायातून खाली येतं, चायनातच्या बंधाऱ्यातून सोडलं जातं आणि इथे जमीन अगदी सपाट असल्यामुळे पसरतं. त्यामुळे अयुथयाच्या पावसाऐवजी बंधाऱ्यातून किती विसर्ग चाललाय त्या बातम्या बघा. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये अवशेषांत आठवडेच्या आठवडे पाणी उभं होतं. चायवत्थनारामच्या नदीकडच्या बाजूला आता उभारता-पाडता येणारी पूरभिंत आहे. ती उभी केलेली असली की नदीकडचं दृश्य झाकलं जातं आणि आवार कधी बंदही ठेवतात.

पाणी मुरून विटांत क्षार चढतात, वाळताना पृष्ठभाग सुटतो. जमीन मऊ चिकणमातीची, म्हणून मनोरे कलतात. कललेली चेदी फोटोत गंमत म्हणून येते, पण तिच्या जोत्यापाशी बसू नका.

फोडणी
शाकाहारी मंडळींसाठी. अयुथयाची ख्याती नदीतल्या मोठ्या भाजलेल्या कोळंबीची आणि नावेतल्या शेवयांच्या वाडग्याची. त्या शेवयांच्या रश्शात बऱ्याचदा रक्त घालतात, तेव्हा मांसाहारींनीही विचारून घ्यावं.

शाकाहाराला दोन शब्द आहेत आणि दोघांत फरक आहे. "मांगसाविरात" म्हणजे मांस-मासे नाहीत, पण अंडं-दूध चालतं. "जे" म्हणजे प्राण्यांपासूनचं काहीच नाही आणि कांदा-लसूणही नाही. जैन मंडळींना आणि चातुर्मास पाळणाऱ्यांना "जे" फार सोयीचं, फक्त त्यात मुळा-बटाट्यासारखी कंदमुळं चालतात हे लक्षात ठेवा. "जे" दुकानावर पिवळा झेंडा आणि त्यावर लाल अक्षरं असतात. ती अक्षरं इंग्रजी आकड्यांतल्या सतरासारखी दिसतात, तेवढं शोधा.

साध्या दुकानात "भाज्या" म्हटलं तरी माशाचा रस पडतोच, कारण तो त्यांच्या लेखी मिठाच्या जागी आहे. म्हणून नुसतं "नो मीट" सांगून भागत नाही:
माय साय नाम प्ला: माशाचा रस घालू नका.
माय साय कुंग हेंग: सुकट कोळंबी घालू नका.
माय साय खाय: अंडं घालू नका.
वाक्याच्या शेवटी पुरुषांनी "ख्रप", बायकांनी "खा". हे थाई लिपीत फोनवर साठवून दाखवणं सर्वात खात्रीचं. कच्च्या पपईच्या सोमतामला पहिली दोन वाक्यं लागतात. मिरच्याही किती ते सांगा.

नऊ दिवसांचा "जे" उत्सव चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात येतो, बऱ्याच वर्षी आपल्या नवरात्रातच. तेव्हा पिवळे झेंडे जागोजागी असतात, पण ते दिवस पुराचेही असतात.

गोडात रोटी साय माय चुकवू नका. पातळ, मऊ रोटीत साखरेच्या तंतूंचा गुच्छा गुंडाळून खायचा. इथल्या मुसलमान वस्तीतला हा पदार्थ. बेटाच्या दक्षिणेला सरकारी रुग्णालयासमोर उ थोंग रस्त्यावर दुकानांची रांगच आहे. रोटी आणि तंतू वेगळ्या पिशव्यांत देतात. खाताना एक रोटी उघडायची, चिमूटभर तंतू पसरायचे, घट्ट गुंडाळायची. आधी गुंडाळून ठेवलीत तर रोटीच्या ओलाव्याने तंतू विरघळून चिकट गोळा होतो. दमट हवेत पिशवी उघडी राहिली तरी तेच. रोटी त्याच दिवशी संपवा.

नाखवा
गोव्याशी आणि कोकण किनाऱ्याशी नातं असलेला एक कोपरा सहसा कोणी बघत नाही. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा आणि १५११ मध्ये मलाक्का घेतलं आणि त्याच वर्षी त्यांचा गव्हर्नर अल्बुकर्क याने सयामच्या राजाकडे दूत पाठवला. अयुथयाशी संबंध जोडणारे ते पहिले युरोपीय. त्यांची वस्ती बेटाच्या दक्षिणेला, चाओ फ्रायाच्या पश्चिम काठावर होती. आज तिथे चर्चचं जोतं आहे आणि छपराखाली उत्खननातल्या कबरी, सांगाड्यांसकट, जागच्या जागी जपल्या आहेत. जवळजवळ समोरच्या काठावर जपानी वस्तीची जागा आणि डच वखारीच्या जागेवर छोटं संग्रहालय. तिन्ही मिळून अर्धा दिवस. सायकलने नको, टुकटुक घ्या, कारण काठ बदलायला लांबचा पूल लागतो.

माडाची सावली
खूप उपयोग झाला सगळ्यांचा. शेवटची शंका: पुढे सुखोथाईही करावं का, की एकाच प्रकारचं दोनदा होईल?

चुनखडी
एकाच प्रकारचं मुळीच नाही. अयुथयाचे अवशेष चालत्या-बोलत्या शहरात विखुरलेले आहेत, दोन देवळांमध्ये शाळा आणि बाजार आहेत. सुखोथाईचं जुनं शहर म्हणजे तळी, कमळं आणि गवतात राखलेलं एक शांत उद्यान, अयुथयाहून जुनं. तिथल्या चालत्या मुद्रेतल्या बुद्धमूर्ती आणि वाट सी चुमचा भिंतींच्या चौकटीतून दिसणारा प्रचंड बसलेला बुद्ध याला अयुथयात जोड नाही. दोन्ही १९९१ मध्येच जागतिक वारसा यादीत आली.

पण आई-बाबांसह वेळ बघा. सुखोथाईला रेल्वे जात नाही. अयुथयाहून गाडीने फित्सानुलोक, तिथून बसने साधारण तासभर. जुनं शहर नव्या सुखोथाईपासून आणखी १२ किलोमीटर. दोन रात्री मोकळ्या नसतील तर राहू द्या आणि त्याऐवजी अयुथयाच्या थोडं अलीकडे, बँकॉकच्या बाजूला, बांग पा-इनचा राजवाडा करा. सावली आहे, वाटा सपाट आहेत आणि आवारात फिरायला छोट्या बॅटरी गाड्या भाड्याने मिळतात, आईंना सोयीचं.

रुळावरून
सुखोथाईला गेलातच तर अयुथयाहून पुढची तिकिटं आधी ऑनलाइन काढा. बँकॉकहून भरून आलेल्या गाडीत मधल्या स्टेशनाला जागा उरत नाही. स्टेशनात सामान ठेवायची सोय आहे, नाममात्र पैशांत. पावती जपा आणि बंद व्हायची वेळ विचारा.

आणि देशात शिरण्याआधी: १ मे २०२५ पासून डिजिटल आगमन पत्रक सक्तीचं आहे. पोचण्याआधीच्या तीन दिवसांत सरकारी संकेतस्थळावर भरायचं, फुकट असतं. पैसे मागणारी हुबेहूब दिसणारी संकेतस्थळं आहेत, तिथे कार्डाचा आकडा टाकू नका. आई-बाबांचंही प्रत्येकी वेगळं भरा आणि क्यूआर कोडचा फोटो तिघांच्याही फोनमध्ये ठेवा. व्हिसाचे नियम बदलत राहतात, तिकीट काढण्याच्या दिवशी दूतावासाच्या पानावर बघून घ्या.